दूरस्थ टीम : प्रस्तावना

ज्या टीममधली माणसे रोज एका छपराखाली भेटत नाहीत, पण एकाच कामाला बांधलेली असतात, ती दूरस्थ टीम. अंतर किती मैलांचे, याला फारसे महत्त्व नाही. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील टॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात प्रयोगशाळांत काम करणाऱ्या अभियंत्यांचा अभ्यास केला. दोघांच्या टेबलांमधले अंतर वाढत गेले की त्यांचे कामाविषयीचे बोलणे झपाट्याने कमी होते, आणि साधारण ५० मीटरनंतर ते नियमित असे उरतच नाही, हे त्यांना दिसले. म्हणजे एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवर बसलेली माणसेसुद्धा या अर्थाने दूरस्थच आहेत. पिंगुळीत बसलेला प्रोग्रामर आणि पुण्यात बसलेला त्याचा मॅनेजर यांच्यामधली अडचण या दोन मजल्यांपेक्षा मोठी आहे, पण तिची जात तीच आहे.

कुडाळला लागून असलेले पिंगुळी हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातले गाव ठाकर समाजाच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी ओळखले जाते. इथल्या परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. नोकरीसाठी मुंबई गाठायची आणि चतुर्थीला व शिमग्याला गावी यायचे, ही चाकरमान्याची रीत या भागात अनेक पिढ्या चालत आली. २०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा कोकणात परतलेल्यांपैकी काहींच्या पिशवीत लॅपटॉप होता, आणि नोकरी मुंबईत अन् माणूस गावात अशी उलटी मांडणी प्रथमच मोठ्या प्रमाणावर झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने दूरसंचाराच्या आधारे सेवा देणाऱ्या बीपीओ, आयटी अशा कंपन्यांसाठीचे नियम सैल करून घरून काम करण्यातले बरेच कागदी अडथळे काढले. पुढे अनेक कंपन्यांनी माणसे परत बोलावली, काहींनी आठवड्याचे दोन-तीन दिवस सोडले. तरी प्रश्न उरलाच: समोर नसलेल्या माणसांचे काम नीट चालवायचे कसे?

हा प्रश्न संगणकाबरोबर आलेला नाही. अमेरिकेतील जॅक नाइल्स यांनी १९७३ च्या सुमारास दूरसंचाराच्या आधारे घराजवळ काम करण्याची कल्पना मांडली, म्हणून पुस्तके तिथून सुरुवात करतात. पण दूरवरच्या माणसांवर भिस्त ठेवून मोठे काम चालवण्याची गरज त्याच्या फार आधीची आहे. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला १६६४ साली सुरुवात झाली. शिवाजी महाराजांच्या राज्यातले असे किल्ले राजधानीपासून दिवसच्या दिवस दूर होते. तिथे काय चालले आहे हे रोज पाहणे अशक्य होते. त्यावरची व्यवस्था अशी होती, की किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत. किल्ल्या आणि पहारे हवालदाराकडे, हजेरी व हिशेब सबनिसाकडे, धान्य आणि सामानाचा साठा कारखानिसाकडे. एकट्याच्या मनावर किल्ला जाऊ नये, हा एक हेतू. दुसरा तितकाच महत्त्वाचा: किल्ल्यावरच्या प्रसंगाला लागणारा निर्णय किल्ल्यावरच होऊ शकेल इतका अधिकार तिथे ठेवलेला होता, आणि त्या अधिकाराच्या शेजारीच नोंद ठेवणारा माणूस बसवलेला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रात किल्ल्यांच्या बंदोबस्ताला इतकी जागा का दिली आहे, हे या बाजूने वाचले की अधिक उमजते.

अधिकार तिथे, नोंद तिथे. या दोन गोष्टी दूरस्थ कामाचा कणा आहेत, आणि आजच्या कार्यालयांत नेमक्या याच दोन गोष्टींची हेळसांड होते. टीम दूर गेली की अनेक मॅनेजर नजर लांबवायला पाहतात. स्क्रीनचे ठरावीक मिनिटांनी छायाचित्र घेणारे सॉफ्टवेअर बसवले जाते, नावापुढचा हिरवा ठिपका कधी पिवळा झाला हे पाहिले जाते, दर दोन तासांनी काय केले ते लिहून मागितले जाते. यातून माणूस खुर्चीत होता एवढे कळते. काम पुढे गेले का, अडले असेल तर कुठे, आणि ते सोडवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे त्यातून कळत नाही. पाळत ठेवलेला माणूस ठिपका हिरवा ठेवायला शिकतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

दूरच्या माणसांवर विसंबून केलेल्या मोठ्या कामाचे उदाहरण कुडाळच्या माणसाला स्टेशनावर उभे राहून पाहता येते. कोकण रेल्वे महामंडळ १९ जुलै १९९० रोजी स्थापन झाले. ई. श्रीधरन त्याचे पहिले अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, लहानमोठे मिळून सुमारे २,००० पूल, ९० हून अधिक बोगदे, आणि वर्षातले चार महिने कोसळणारा पाऊस. मुख्यालय नवी मुंबईत बेलापूरला. भारतात मोबाइल सेवा सुरू झाली ती १९९५ च्या जुलैअखेर, आणि तीही मोठ्या शहरांत. म्हणजे या मार्गाचे बरेचसे बांधकाम खिशात फोन नसलेल्या माणसांनी केले.

एवढ्या लांब पसरलेल्या कामाचे बेलापुरातून एकेक निर्णय घेऊन व्यवस्थापन करायचे म्हटले असते तर फायली वाटेतच पावसाळे काढत बसल्या असत्या. त्याऐवजी मार्गाचे साधारण १०० किलोमीटरचे सात विभाग पाडले गेले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. जागेवरचे निर्णय जागेवर घेण्याची मुभा त्याला होती, आणि त्यांची जबाबदारीही त्याच्याचकडे होती. विभाग पाडणे ही नकाशावरची सोय वाटते, पण तिच्यात व्यवस्थापनाचा मोठा विचार आहे. काम असे तोडले होते की कुडाळच्या मुख्य अभियंत्याला रोजच्या रोज कारवारची वाट पाहावी लागू नये. दोन विभागांची गाठ जिथे पडते तेवढ्याच जागा आधी पक्क्या केल्या की बाकीचे आपापल्या गतीने चालते. दूरस्थ टीमला काम वाटून देताना पहिली कसोटी हीच लावावी: या माणसाला दिवसातून किती वेळा दुसऱ्याकडे विचारायला जावे लागेल? उत्तर ‘वारंवार’ असेल तर वाटणी चुकली आहे, आणि ती चूक कितीही मीटिंगा घेऊन भरून येत नाही.

श्रीधरन यांच्या प्रकल्पांची दुसरी ओळख म्हणजे उलटे घड्याळ. किती दिवस झाले हे न दाखवता किती उरले ते दाखवणारा फलक. दूरच्या टीमसाठी त्याचा उपयोग घाई करण्यापुरता नाही. सगळ्यांना एकच आकडा दिसतो, म्हणून प्रत्येकजण आपला प्राधान्यक्रम स्वतः ठरवू शकतो आणि वरून रोज आठवण करून द्यावी लागत नाही. कामाची दिशा सर्वांना दिसेल अशी एक जागा हवी. ती फलक असो, सामायिक तक्ता असो, की टीमच्या वहीचे पहिले पान.

तरीही सगळे बेतल्याप्रमाणे झाले नाही. मऊ मातीतल्या बोगद्यांनी, विशेषतः पेडण्याच्या बोगद्याने, वेळापत्रक पुन्हा पुन्हा मोडले. १९९३ पासून तुकड्या-तुकड्यांनी गाड्या धावू लागल्या, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. अधिकार वाटून दिल्याने अडचणी नाहीशा होत नाहीत. अडचण जिथे येते तिथेच तिच्यावर काम लगेच सुरू होते, एवढाच त्याचा लाभ, आणि तो पुरेसा मोठा आहे.

मार्ग बांधून झाल्यावर तो चालवणे हे त्याहून बारीक काम आहे, आणि दूरस्थ व्यवस्थापनाचा खरा धडा त्यातच आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड आणि दगड रुळांवर आले आणि कारवारहून मुंबईकडे निघालेली विशेष गाडी घसरली. ५० हून अधिक प्रवासी मरण पावले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये महाडजवळ करंजाडीला मत्स्यगंधा एक्स्प्रेसचा अपघात झाला. या दोन अपघातांनंतर कोकण रेल्वेची पावसाळी व्यवस्था कडक झाली. पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक असते आणि गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो. मुसळधार पावसात पुढचे नीट दिसेनासे झाले तर ताशी ४० किलोमीटरने गाडी चालवण्याच्या सूचना चालकांना असतात. मार्गावर ठिकठिकाणी पर्जन्यमापक आहेत, पानवलच्या उंच पुलावर आणि मांडवी, जुवारी व शरावतीच्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे आहेत. बेलापूर, रत्नागिरी आणि मडगावचे नियंत्रण कक्ष पावसाळ्यात चोवीस तास जागे असतात.

या सगळ्याच्या टोकाला रात्रीच्या पावसात रुळांवरून चालणारा गस्तीचा माणूस असतो. असे शेकडो जण दर पावसाळ्यात या मार्गावर फिरतात. व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहिले तर हा माणूस पूर्णपणे एकटा आहे. त्याच्यावर कोणाची नजर नाही, आणि नजर ठेवून उपयोगही नाही. त्याला मात्र चार गोष्टी दिलेल्या असतात. कुठून कुठे आणि किती वाजता चालायचे याचा तक्ता. हातातला दिवा आणि रुळावर बांधायचे, चाकाखाली येताच मोठा आवाज करणारे फटाके. संपर्काचे साधन, कारण मार्गाच्या कडेला सरासरी एकेका किलोमीटरवर आपत्कालीन फोन जोडण्याची सोय आहे. आणि चौथी गोष्ट, जी सर्वांत मोलाची: गाडी थांबवण्याचा अधिकार. रुळावर दगड दिसला तर तो रत्नागिरीला विचारत बसत नाही. रेल्वेच्या नियमाप्रमाणे अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर, १० मीटरच्या अंतराने, तीन फटाके बांधून तो गाडी आधी थांबवतो आणि मग कळवतो. वरिष्ठांची परवानगी मिळेपर्यंत थांबायचे, असा नियम असता तर ही गस्त निरुपयोगी झाली असती.

गस्तीच्या वहीची व्यवस्था याहून शिकण्यासारखी आहे. शेजारच्या टप्प्यावरचा गस्तीवाला समोरून येतो, दोघे भेटतात, वह्या बदलतात आणि परत फिरतात. स्टेशनावर पोचला की स्टेशन मास्तर वेळ लिहून सही करतो. कोण कुठे कितीला होता हे वेगळे विचारावे लागत नाही, कामाच्या ओघातच ते लिहिले जाते. आणि गस्तीवाला ठरलेल्या वेळेपेक्षा फार उशीर होऊनही आला नाही तर ‘काही कळले नाही म्हणजे सगळे ठीक असेल’ असे मास्तर मानत नाही. मार्ग असुरक्षित धरून गाड्यांना सावधानतेचा आदेश दिला जातो. इथे शांततेचा अर्थ आधीच ठरलेला आहे.

बहुतेक कार्यालयांत तो ठरलेला नसतो. गावी बसलेल्या सहकाऱ्याचा दिवसभर काही निरोप आला नाही, तर तो आळस करतो आहे, तो अडला आहे, की एकाग्रपणे काम करतो आहे, यांपैकी काहीही असू शकते. आणि मॅनेजर आपल्या स्वभावाप्रमाणे त्यातले एक धरतो. टीम सुरू होतानाच हे लिहून ठेवणे शक्य आहे: अमुक वेळेपर्यंत निरोप नसेल तर काम ठीक चालू आहे असे समजावे, अमुक गोष्टीवर अडल्यास दोन तासांच्या वर एकट्याने झुंजू नये, वीज किंवा रेंज गेली तर फोनवरून एक ओळ पाठवावी. एवढ्याने निम्मे गैरसमज जन्मायचेच टळतात.

सिंधुदुर्गात वीज आणि रेंज हा किरकोळ तपशील नाही. जूनच्या पहिल्या वादळी पावसात झाड तारांवर पडले की महावितरणची माणसे पोचेपर्यंत अर्धा दिवस सहज जातो. इन्व्हर्टर, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे, आणि नेट नसतानाही करता येईल असे थोडे काम हाताशी: ही इथल्या दूरस्थ कामाची पूर्वतयारी आहे. तिचा खर्च कोणी करायचा, हे नेमणुकीच्या वेळीच ठरले पाहिजे. कार्यालयातल्या वीजबिलाचा वाटा कोणी कर्मचाऱ्याकडे मागत नाही. घरून काम करणाऱ्याने तो मुकाट्याने सोसावा, ही अपेक्षा न्याय्य नाही. तसेच सुट्ट्यांचे. बंगळूरच्या मॅनेजरच्या कॅलेंडरात गणेश चतुर्थी एक दिवसाची असते. कोकणात घरोघरचा गणपती दीड, पाच, सात दिवस बसतो आणि भजनाच्या रात्री जागून काढल्या जातात. त्या आठवड्यात मोठे काम संपवायची तारीख ठेवणे हा नियोजनाचा दोष आहे.

घर हे कामाचे ठिकाण होते तेव्हा घराच्या अपेक्षाही त्यात शिरतात. एकत्र कुटुंबातली सून लॅपटॉपसमोर बसली आहे म्हणजे ती ‘घरीच आहे’ असे धरले जाते, आणि स्वयंपाक, पाहुणे, सासऱ्यांचे औषधपाणी तिच्या कामाच्या तासांत सरकते. मॅनेजरला तिचे घर बदलता येत नाही. पण मीटिंगांच्या वेळा आधी कळवणे, ऐनवेळी कॉल न लावणे, आणि सलग तासांऐवजी पूर्ण झालेल्या कामावरून हिशेब करणे त्याच्या हातात आहे. असे झाले की तिला दुपारची शांत वेळ वापरता येते.

भाषेचा प्रश्न याच्याइतकाच खोल आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष जाते. दूरस्थ काम लेखनावर चालते. घरात मालवणी आणि शाळेत मराठी बोलून अभियंता झालेला मुलगा समोरासमोर उत्तम समजावून सांगतो, पण इंग्रजी ईमेलमध्ये दोन ओळींत गुंडाळतो. वाचणाऱ्याला वाटते, विचारच तेवढा आहे. शिवाय मोठ्यांसमोर न विचारता बोलू नये, ही शिकवण घेऊन आलेला कनिष्ठ, व्हिडिओ कॉलवर दहा चेहऱ्यांपुढे ‘सर, हे चुकते आहे’ असे म्हणत नाही. याला उपाय आहेत. टीमला समजत असेल तिथे मराठीत लिहू द्यावे किंवा बोलून ध्वनिमुद्रण पाठवू द्यावे. मीटिंगच्या आधी प्रश्न लिहून मागवावेत, आणि बोलायची सुरुवात वयाने व हुद्द्याने सर्वांत लहान असलेल्यापासून करावी. वरिष्ठाने आधी मत दिले की पुढची सगळी मते त्याच्या मागे जातात. हे समोरासमोरही होते, पडद्यावर जास्त होते.

लेखनाचा दुसरा उपयोग निर्णयांच्या नोंदीसाठी. काय ठरले, कोणी ठरवले, कोणत्या कारणाने, आणि कोणते पर्याय सोडले, एवढे चार-पाच ओळींत एका ठरलेल्या जागी लिहिलेले असले की सहा महिन्यांनी आलेला नवा माणूस कोणाची झोपमोड न करता मागचे समजून घेऊ शकतो. व्हॉट्सॲपच्या गटात झालेला निर्णय मात्र दुसऱ्या दिवशीच शुभेच्छांच्या संदेशांखाली गाडला जातो. गटावर बोलावे, ठरलेले मात्र वहीत उतरवावे.

दूरस्थ कामाने उत्पादन वाढते की घटते, यावर ठाम विधाने पुष्कळ होतात. नीट केलेले अभ्यास थोडे. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधील सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिन्यांचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. पण त्याच प्रयोगात आणखी दोन गोष्टी दिसल्या, ज्या सहसा सांगितल्या जात नाहीत. तितक्याच चांगल्या कामासाठी घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. आणि प्रयोग संपल्यावर निवडीची संधी मिळताच घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी कार्यालयात परतणे पसंत केले. एकटेपणा हे त्यामागचे एक मोठे कारण होते. त्याच कंपनीत पुढे १,६०० हून अधिक कर्मचाऱ्यांवर आठवड्यातले दोन दिवस घरून काम करण्याचा प्रयोग झाला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत कामाच्या दर्जात फरक दिसला नाही, मात्र सोडून जाणारे एक तृतीयांशाने घटले. मायक्रोसॉफ्टच्या ६१,००० हून अधिक अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या संपर्काच्या अभ्यासात (२०२१) वेगळी बाजू पुढे आली: सगळेच घरी गेल्यावर माणसे आपल्या जवळच्या गटातच अधिक बोलू लागली आणि गटा-गटांमधले दुवे कमी झाले.

यातून मॅनेजरसाठी दोन ठोस कामे निघतात. बढतीच्या वेळी दूरच्या माणसाची बाजू मांडणारे कोणी खोलीत असतेच असे नाही, म्हणून त्याच्या कामाची नोंद मॅनेजरने वर्षभर स्वतः ठेवावी, आणि निर्णयाच्या बैठकीत जवळच्यांआधी दूरच्यांची नावे घ्यावीत. दुसरे म्हणजे प्रत्यक्ष भेटीवर खर्च करावा. नव्या माणसाचे पहिले काही आठवडे टीमपैकी कोणाच्या तरी शेजारी बसून जावेत. त्यानंतर वर्षातून दोनदा सगळ्यांनी एकत्र जमावे, आणि त्या दिवसांत सादरीकरणे कमी अन् जेवणे जास्त ठेवावीत. प्रत्येक वेळी कुडाळहून पुण्याला जाण्याची पाळी गावच्या माणसावर आणू नये. कधी पुण्याची टीम कुडाळला उतरली, पिंगुळीतल्या सहकाऱ्याच्या घरच्या जेवणाला बसली, त्याची पडवी आणि तिथली रेंज पाहून आली, तर पुढच्या पावसाळ्यात तुटलेल्या कॉलचा अर्थ तिला सांगावा लागत नाही.

सर्वांत अवघड असते ती अर्धी-अर्धी टीम: काही कार्यालयात, काही दूर. पूर्ण दूरस्थ टीमला लिहिण्यावाचून गत्यंतर नसते, म्हणून ती लिहिते. मिश्र टीममध्ये कार्यालयातल्यांचे आपसात बोलून भागते आणि दूरचे हळूहळू कामाच्या कडेला जातात. इथे नियम थोडे पण कडक हवेत. एकजण जरी पडद्यावर असेल तर सगळ्यांनी आपापल्या पडद्यावरून सामील व्हावे. सहा जण एका खोलीत एका माइकभोवती बसले की सातव्याला त्यांचे अर्धे बोलणे ऐकू येत नाही. मीटिंग संपल्यावर चहाच्या टपरीवर काही ठरले, तर ते लिहून सर्वांपुढे ठेवेपर्यंत ठरलेले धरू नये. आणि मॅनेजर स्वतः कार्यालयात बसत असेल, तर त्याने महिन्यातले काही दिवस मुद्दाम दूरून काम करावे, म्हणजे कोणते निरोप आपल्यापर्यंत पोचतच नाहीत हे त्याला स्वतःला कळेल.